वरच्या खोलीतलं पाणी

१३ जानेवारी

गुंजन सकाळच्या गाडीने पुण्याला परत गेली. भाऊ तिला स्टेशनवर सोडायला गेला आणि मी वर येऊन काचेच्या टाकीसमोर बसली.

टाकीत दोन प्राणी आहेत. त्यांचं नाव अ‍ॅक्सोलॉटल. गुंजनने माझ्याकडून चारदा म्हणून घेतलं, तरी अजून जिभेवर बसत नाही. चार पाय, लांब शेपटी, जन्मभर पाण्यात राहणार, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना तुऱ्यांसारखे कल्ले. एक पांढरा आहे, कल्ले गुलाबी, तो मोमो. दुसरा काळपट, तो जामून. पापण्या नाहीत त्यांना, म्हणून बघायला लागले की बघतच राहतात. हॉस्टेलात ठेवू दिले नाहीत तेव्हा पोरीने थर्माकोलच्या डब्यात घालून रेल्वेने थेट गोंदियाला आणले. बापाला विचारलं नाही, आईला विचारलं नाही.

भाऊ म्हणाला, "मगरमच्छ ले आई छोरी!" वहिनी म्हणाली, "पान्यातल्या पाली हायेत. माह्या सैपाकघरात नाई पायजे." बैठकीत पाहुणे येतात म्हणून तिथे नको, एसीच्या खोलीत भाऊ झोपतो म्हणून तिथे नको. शेवटी टाकी माझ्या खोलीत आली. या घरात जे कुठे मावत नाही ते वरच्या खोलीत येतं. गुंजनचा पाळणा इथेच आहे, जुनी शिवणमशीन इथेच आहे. बालाघाटच्या सासरहून परत आली तेव्हापासून मीही इथेच आहे.

जाताना गुंजन म्हणाली, "आत्या, हे आता तुझे. कोणाला हात लावू देऊ नको, त्यांना हाताळलेलं सहन होत नाही."

हे तुझे, असं मला कोणी कशाबद्दल म्हटल्याचं आठवत नाही. मी खाली जाऊन दोघांनाही ठणकावून सांगितलं, टाकीला कोणी हात लावायचा नाही. वहिनी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "कोन लावते बाप्पा तुमच्या टाकीले."

भावाच्या भांड्यांच्या दुकानात कंपनीने दिलेली ही डायरी पडून होती. यांच्याबद्दल लिहीन म्हणून घेतली. बाकी लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नसतं.

१७ जानेवारी

टाकी उघडीबोडकी दिसत होती म्हणून बाजारातून निळे-हिरवे खडे आणून तळाला पसरले. फार छान दिसत होतं. फोटो पाठवला तर गुंजनचा लगेच फोन. "आत्या, काढ ते आधी! ते तोंडात येईल ते गिळतात. खडे पोटात अडकून मरतात!" मग संध्याकाळपर्यंत हाताने एकेक खडा वेचला. हात बधिर झाले.

"मी व्हिडिओ पाठवले होते ना, बघितले नाही का?" ती म्हणाली. बघितले होते. इंग्रजीत होते. निम्मे समजले. हे तिला सांगितलं नाही.

२४ जानेवारी

आता थोडं जमतं. नळाचं पाणी बादलीत घ्यायचं, क्लोरीन मारणारे थेंब टाकायचे, मग टाकीतलं थोडं पाणी काढून हे घालायचं. सगळं पाणी एकदम बदलायचं नाही. बादल्या जिन्याने वर चढवताना कंबर धरते. कोणी हात देत नाही, मी मागतही नाही.

खायला गांडुळं. मागच्या केळीखाली, मोरीचं पाणी जिरतं तिथे खुरप्याने उकरलं की मिळतात. मी वाटीत धुवून घेते तेव्हा वहिनी पदर नाकाला लावते. "त्या वाटीले खूण करून ठेवा बाई. नाईतं दही लावन मी त्याच्यात." जामून गांडूळ दिसलं की झडप घालतो. मोमो विचार करतो. त्याच्या तोंडापुढे चिमट्याने धरून बसावं लागतं. मला काही घाई नसते.

५ फेब्रुवारी

अनर्थ झाला. मोमोचा पुढचा उजवा पंजा नाही. जामूनने खाल्ला. गुंजन म्हणाली, लहान वयात करतात असं, जाळी लावून वेगळे ठेव, पंजा परत येईल.

परत कसा येईल? तोडलेलं परत येत नसतं. तरी जाळी लावली. भाऊ जेवताना हसला, "एकाच घरात राहून एकमेकांचे पाय खातात, बढिया." वहिनी हसली नाही. तिने मला काही विचारलंही नाही.

१० मार्च

पंजा आला! आधी नुसता बोंडासारखा दिसत होता, मग बारीक बोटं फुटली. काल चारही बोटं नीट दिसली. कोणाला सांगावं म्हणून खाली गेली. भाऊ दुकानात. वहिनी पोळ्या लाटत होती. तिला सांगून काय उपयोग म्हणून पाणी पिऊन परत निघाली, तर मागून म्हणते, "आला ना त्याचा पाय पुरा?"

मी हो म्हटलं. गुंजनने सांगितलं असेल तिला. गुंजन आईशी बोलते, माझ्याशी फक्त टाकीबद्दल बोलते.

२० मार्च

ऊन सुरू झालं. यांना अठरा डिग्रीचं पाणी लागतं. बावीसच्या वर त्रास, चोवीसच्या वर जिवाला धोका. आज दुपारी चोवीस. अजून एप्रिल यायचा आहे, मे यायचा आहे. वर स्लॅब तापतो, कूलर लावूनही खोली भट्टी होते.

भावाला विचारलं, टाकी दोन महिने तुमच्या खोलीत ठेवू का, तिथे एसी आहे. तो जेवत होता. म्हणाला, "सेवंता, मी दिवसभर दुकानात मरतो. माझ्या खोलीत पाली नको. तुझा शौक तू पाहा."

शौक म्हणे.

उपाय एकच. प्लास्टिकच्या बाटल्यांत पाणी भरून फ्रीजरमध्ये बर्फ करायचा आणि त्या बाटल्या टाकीत सोडायच्या, वितळल्या की बदलायच्या. यावरून वहिनीशी वाजलं. "मटार कोठी ठेवू मंग? तुमच्या उशाशी ठेवू?" शेवटी अर्धा फ्रीजर दिला. देताना तोंड असं केलं की नको वाटलं घ्यायला.

२ एप्रिल

लग्नसराई लागली. आहेराच्या भांड्यांसाठी गर्दी असते. भाऊ म्हणाला, दुपारी तू गल्ल्यावर बैस, मी जेवून घटकाभर पडतो. नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. पण ऐन उन्हाच्या वेळी मी घरात नाही म्हणजे टाकीकडे बघणारं कोणी नाही. जाण्याआधी चार बाटल्या सोडते आणि देवाचं नाव घेते.

८ एप्रिल

आज फार मोठी चूक झाली असती. दुकानात जाताना बाटल्या सोडायच्याच विसरली. गल्ल्यावर बसल्यावर आठवलं. गिऱ्हाईक इतकं की उठता येईना. कळशी दाखवायची तर मी परात दाखवत होती. चार वाजता भाऊ आला तशी धावतच घरी आली, चपला पायातच ठेवून जिना चढली.

टाकीत वीस डिग्री. बाटल्या पाण्यात तरंगत होत्या, त्यात अजून बर्फ होता.

म्हणजे मी सोडल्या होत्या आणि सोडल्याचं विसरली. हल्ली असं होतं. टाकीपाशी फरशी ओली होती, म्हणजे घाईत सांडलंही मीच. पण वीस डिग्री! माझी खोली दिसते तितकी तापत नसावी. देवाची कृपा.

१६ एप्रिल

जेवताना वहिनी आपसूक म्हणाली, "काऱ्याले भूक लय हाये. पांढरं गरीब हाये."

मी विचारलं, "तुम्हाला काय माहीत?"

"दिसते ना," म्हणाली आणि ताट उचलून गेली.

कुठून दिसतं? गुडघ्यामुळे ती वर्षभरात जिना चढलेली मी पाहिली नाही. कपडेसुद्धा अंगणात वाळत घालते. मला ते बोलणं आवडलं नाही. खाण्यापिण्याबद्दल असं बोलू नये कोणी. नजर लागते.

२१ एप्रिल

बाहेर चव्वेचाळीस. बाटल्या कमी पडतील म्हणून धास्ती होती, पण फ्रीजर उघडला तर भरलेला. माझ्या बाटल्यांमागे कोल्ड्रिंकच्या दोन मोठ्या बाटल्यासुद्धा बर्फ होऊन पडलेल्या. मटार नव्हते. भावाने ठेवल्या असतील दुकानात न्यायला. मी त्याही वापरल्या. कोणी ओरडलं नाही.

दुकानात दुपारभर लोकांशी बोलते. किती लिटरचा, पत्रा किती गेजचा, नाव कोरून मिळेल. संध्याकाळी वर आली की घसा बसलेला असतो आणि वाटतं, आज कोणाशी बोललीच नाही.

२४ एप्रिल

वहिनी केशोरीला माहेरी गेली. तिच्या भावाच्या पोरीचं लग्न आहे, आठवडाभर राहणार. ऑटो दारात उभा आणि ही जिन्याखाली येऊन थांबली. म्हणते, "बाई, हा हप्ताभर दुपारी दुकानात नोका जाऊ. ऊन गजब हाये."

मी म्हटलं, "भावाने सांगितलं आहे, जावं लागेल."

"त्याईले म्या सांगतो. तुमी घरी राहा."

तिला मी गल्ल्यावर बसलेली खुपते, हे आता कळलं. मी बावीस वर्षं इथे स्वयंपाक केला तेव्हा तिला काही वाटलं नाही. मी म्हटलं, "मी जाईन." ती आणखी काही बोलणार होती, ऑटोवाल्याने हॉर्न दिला.

२६ एप्रिल

काल दुपारी सव्वीस, आज सत्तावीस. मला समजत नाही. त्याच खोलीत, त्याच चार बाटल्या, आणि आधी पाणी वीसच्या वर जात नव्हतं. एकाएकी असं काय झालं? मोमो वर तरंगतो आहे. कल्ल्यांचा गुलाबी रंग उतरून राखेसारखा झाला. जामूनच्या शेपटीचं टोक वळलं आहे. गुंजनने मागेच सांगितलं होतं, ते त्रासाचं लक्षण.

भावाला म्हटलं, उद्या दुकानात नाही येत. तो म्हणाला, "उद्यापासून अक्षय्य तृतीयेचं गिऱ्हाईक आहे. दोन पालींसाठी दुकान बंद ठेवू का?" जावं लागणार.

२७ एप्रिल

दोघांना वेगवेगळ्या डब्यांत घालून फ्रीजमध्ये ठेवले. गुंजननेच मागे सांगून ठेवलं होतं, शेवटचा उपाय म्हणून असं करतात. झाकणाला भोकं पाडायची, रोज पाणी बदलायचं. कणकेच्या गोळ्याशेजारी जामून, दह्याशेजारी मोमो. वहिनी घरी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं.

तिचा केशोरीहून दोनदा फोन आला. "सगळं बरोबर हाये ना? वरचं?" मी हो म्हटलं. वरचं म्हणजे काय, मी विचारलं नाही. दुसऱ्यांदा तर मागे वाजंत्री वाजत होती, म्हणजे मुलगी बोहल्यावर असणार आणि ही फोनवर.

२८ एप्रिल

मोमो गेला.

सकाळी डबा उघडला तेव्हा कडेला पडला होता. मी पाणी हलवून पाहिलं. डोळे तर त्याचे नेहमीच उघडे. म्हणून कळायला वेळ लागला.

केळीखाली पुरला. पुरताना गांडुळं निघाली. ती वेचून जामूनसाठी घेतली आणि मग तिथेच बसून राहिली. भाऊ अंगणातून म्हणाला, "चहा मिळेल का?" मी उठली आणि चहा केला.

१ मे

लिहू नये ते लिहिते.

वहिनी दुपारी परतली. पिशवी दारात टाकून सरळ जिन्याकडे आली. गुडघा दुखत होता, भिंतीला धरून एकेक पायरी चढली. खोलीत येऊन टाकीत वाकून बघितलं. "पांढरं कोठी हाये?"

मी म्हटलं, "मेलं."

ती टाकीपाशीच उभी राहिली. मला तिचं तिथे उभं राहणं सहन झालं नाही. म्हटलं, "तुमची नजर लागली त्याला. तुम्हाला नकोच होते ते इथे. पहिल्या दिवसापासून नको होते. आता अर्धं काम झालं तुमचं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग जशी चढली तशीच उतरली. संध्याकाळी जेवली नाही. भावाला म्हणाली, पित्त झालं. लग्नातलं खाणं, दुसरं काय.

मला वाटलं होतं बोलून टाकल्यावर बरं वाटेल.

३ मे

गुंजनचा फोन. परीक्षा होती म्हणून तिला मोमोचं कळवलं नव्हतं, आज सांगितलं. फार रडली. मग म्हणाली, "आईला कळलं का? तिचं कसं आहे?"

"तिला काय होतंय," मी म्हटलं.

"असं काय बोलतेस आत्या? रोज दुपारी तीच तर असायची टाकीपाशी. बाबा झोपले की वर जायची आणि मला व्हिडिओ कॉल लावायची. किती बाटल्या टाकू, पाणी किती थंड झालं, गाल का फुगवतोय. तुला माहीत नाही?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"केशोरीला गेल्यावर पण मला फोन करायची, आत्याला विचार सगळं बरोबर आहे का. तू सांगितलंस बरोबर आहे म्हणून. आत्या? ऐकते आहेस ना?"

मी म्हटलं, नेटवर्क जातं आहे, आणि फोन ठेवला.

३ मे, संध्याकाळ

खाली गेली. वहिनी ओट्यापाशी भेंडी चिरत होती. मी समोर पाटावर बसली. विळी मागितली तर तिने दिली नाही.

"सांगितलं काऊन नाही?" मी विचारलं.

"काय सांगू?"

"की दुपारी तुम्ही बघत होता. मी दुकानात जाणं बंद केलं असतं त्या आठवड्यात."

"म्या म्हनलं ना, नोका जाऊ म्हून. तुमाले वाटलं दुकानाचं बोलून राहिली." तिने भेंडीचं टोक उडवलं. "आन् पयल्या दिशीच तुमी सांगून ठेवलं होतं, हात नाई लावाचा. म्या सांगतलं असतं त तुमी कुलूप लावलं असतं खोलीले."

लावलं असतं. हे मला तेव्हाच पटलं.

"पण तुम्ही चढायच्याच कशाला? गुडघा असा."

तिने आणखी दोन भेंड्या चिरल्या. मग म्हणाली, "गुंजन गेल्यापासून दुपार सरत नाई. हे झोपतेत. तुमी दुकानात. टीव्ही लावला त हे म्हन्तेत आवाज बंद कर. वरतं जाऊन बसली का ते दोघं काचंपाशी येत. मले पाहून येत. गांडूर त म्या हातात धरलं नाई कधी, किरस येते. तरी येत."

मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "राहू द्या बाई. पांढऱ्याले म्या वाचवला असता, हे मीही म्हनली होती मनात. म्हनजे मीही तुमालेच बोल लावला. दोघींचं बराबर झालं."

मग विळी माझ्याकडे सरकवली.

८ मे

जामून आता एसीच्या खोलीत आहे. या वेळी मी मागितली नाही ती खोली. वहिनीनेच भावाला सांगितलं, "टाकी अठी येते. तुमाले पालीचं भेव वाटते त तुमी बैठकीत झोपा." इतक्या वर्षांत तिला असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. भावाने पण ऐकलं नसावं. तो बैठकीत झोपला नाही, पण टाकीकडे पाठ करून झोपतो आणि एसी कमी करत नाही.

जामूनची शेपटी सरळ झाली. खातो. एकटाच आहे, जाळी काढून टाकली. टाकीभर फिरतो आणि कोपऱ्यात जाऊन थांबतो.

१२ मे

दुपारी अवकाळी वादळ आलं. आमराईकडच्या रस्त्यावर झाड तारांवर पडलं आणि लाइट गेली ती गेलीच. फ्रीजरमधल्या बाटल्या तासाभरात संपत आल्या. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी नाही. वहिनी छत्री घेऊन मच्छी मार्केटात गेली. ही बाई कधी मासळीच्या गल्लीतून गेली नाही, आमच्या घरात खातही नाहीत. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून ऑटोत घालून आली. साडीला मासळीचा वास. मी लादी मुसळीने फोडली, तिने पिशव्यांत भरली. संध्याकाळी लाइट आली तेव्हा पाणी बावीसवर होतं.

भाऊ दारातून बघत होता. म्हणाला, "असं किती दिवस करणार तुम्ही?"

चेष्टेने नाही म्हणाला. म्हणून जास्त लागलं.

१४ मे

परवा रात्री गुंजनने सांगितलं, नागपुरात हिमांशू नावाचे एक जण आहेत, कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात, त्यांच्याकडे सात-आठ अ‍ॅक्सोलॉटल आहेत आणि पाणी थंड करणारं यंत्र आहे. वीज गेली तरी चालेल अशी सोय आहे. ते जामूनला घ्यायला तयार आहेत. "आत्या, तू म्हणशील तसं. तो तुझा आहे."

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तो तिथे जगेल, हे मला माहीत आहे. इथे जून निघेल, पुढचा मे निघेल का, हे मला माहीत नाही. तरी मन म्हणतं, राहू दे. मन म्हणतं, सकाळी उठून मी कोणाला बघायला जाऊ? हे प्रेम आहे की स्वार्थ, मला ओळखता येत नाही. मोमोच्या वेळी मी दुकानात गेली होती, तेव्हा मन कुठे गेलं होतं?

वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "मले नोका विचारू. माह्या जिभेवर 'नाई'च येईन."

गुंजनला कळवलं, रविवारी आणते म्हणून.

१८ मे

पहाटेच्या गाडीने नागपूरला गेलो, मी आणि वहिनी. भाऊ म्हणाला होता, मी कार करून देतो, मी येतो सोबत. वहिनी म्हणाली, दुकान पाहा. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या दोन बाटल्या, मध्ये पाण्याच्या पिशवीत जामून. डबा आळीपाळीने मांडीवर घेतला. तुमसर गेल्यावर समोरच्या बाईने विचारलं, "मिठाई आहे का?" वहिनी म्हणाली, "नाई, लेकरू हाये." ती बाई खिडकीकडे सरकली.

हिमांशू सरांचं घर बेसा रोडला. चांगला माणूस. आमच्यापुढे सरबत ठेवलं, जामूनला आधी बघितलं. एका खोलीत ओळीने टाक्या, खोली थंडगार, यंत्राचा बारीक आवाज. प्रत्येक टाकीत पाणी अठरा. मी आमची टाकी त्या खोलीत कशी दिसली असती याचा विचार केला आणि मग केला नाही.

सर म्हणाले, "तुम्ही याआधी काही पाळलं होतं?" मी म्हटलं, नाही. "गोंदियात एप्रिल काढला म्हणजे कमाल आहे."

"एकच निघाला," मी म्हटलं.

जामूनला पिशवीतून हळूच नव्या पाण्यात सोडलं. तो तळाला गेला, तिथे मातीची नळी होती, तीत शिरला. शेपटीचं टोक बाहेर राहिलं, मग तेही आत गेलं. आम्ही काचेपाशी उभ्या राहिलो. तो आला नाही. वहिनीने काचेवर बोट ठेवलं, मग सरांकडे बघून काढून घेतलं.

परतीची गाडी संध्याकाळची होती. मधला सगळा वेळ स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बसलो. वहिनीने डबा सोडला नाही. त्यात काही नव्हतं, तरी दोन्ही हातांनी धरून होती. मी म्हटलं, टाकून देऊ तो. ती म्हणाली, राहू द्या, वजन नाही त्याचं.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. भंडाऱ्यापर्यंत दोघी बाहेर बघत बसलो. तिच्यासमोर रडायची मला सवय नव्हती. मग ती बाहेरच बघत म्हणाली, "उद्या दुपारी म्या वरतं येईन."

मी म्हटलं, "वर आता काय आहे?"

"तुमी आहा ना."

मी तिकिटं काढून परत तपासली.

१९ मे

सकाळी भावाला सांगितलं, दुपारी दुकानात बसणार नाही. तो म्हणाला, "काऊन? आता तर पालीपण नाहीत."

"काम आहे," मी म्हटलं. काय काम, ते सांगितलं नाही. तो नोकर बघतो म्हणाला, चिडून म्हणाला, पण म्हणाला.

माझ्या खोलीतली टाकीची जागा आता कायमची रिकामी आहे. भिंतीवर पाण्याचा पांढरा डाग उरला आहे, चौकोनी. सकाळी उठल्यावर तिकडेच बघितलं. सवय जायला दिवस लागतील.

जेवण झाल्यावर जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबली, एक पायरी. मी उठून हात दिला. वहिनी वर आली, कूलरच्या समोर फरशीवर आडवी झाली. मी बोलायला काही शोधत होती, लग्नाचं विचारू का, गुंजनचं काढू का, तेवढ्यात तिला झोप लागली. तोंड थोडं उघडं आहे. मी भिंतीला टेकून हे लिहिते आहे.

वहिनी घोरते. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं.